परतीच्या पिशवीतले फोटो

डबलकाकांच्या घरात प्रत्येक वस्तू दोन आहे. दोन चष्मे, दोन छत्र्या, किल्ल्यांचे दोन जुडगे आणि त्यातला एक शेजाऱ्यांकडे. विजेऱ्याही दोन, आणि दोन्ही एकाच वेळी बंद पडल्या तर काय, म्हणून मेणबत्त्यांचा पुडा वेगळा. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्तीचं काम केलं आणि ते काम त्यांच्या हाडीमासी खिळलं. 'डबल' हे नाव कामावरच्या लोकांनीच पाडलं, कारण कुठल्याही इमारतीच्या मशीनरूममध्ये शिरताना यांच्या खिशात दोन टेस्टर असत. कोणी हसलं की ते शांतपणे विचारत, "लिफ्ट एका दोरावर टांगलेली पाहिलीय का कधी?" तशी कोणीच पाहिलेली नसल्यामुळे विषय तिथेच संपे. बायको तेवढी एकच कशी, असं कोणी चिडवलं तर म्हणत, तिचा जोड बनवणं कंपनीने केव्हाच बंद केलंय. हा विनोद त्यांनी वीसेक वर्षं चालवला. अलीकडे करत नाहीत.

फोटोंचं वेड त्यांना कधीच नव्हतं. नोकरीत असताना त्यांच्या फोनमध्ये फोटो असायचे ते झिजलेल्या ब्रेकचे आणि तारा सुटू लागलेल्या दोरांचे. मग ते निवृत्त झाले, वर्षभराने काकूही निवृत्त झाल्या. समोर दुसरं काही नव्हतं म्हणून म्हणा, किंवा चौतीस वर्षांत बायकोकडे नीट पाहायला सवड झाली नव्हती म्हणून म्हणा, काका काकूंचे फोटो काढू लागले. काकू पंखा पुसताना. काकू मटार सोलताना. काकू वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपलेल्या. काकू "पुरे हो आता" म्हणत कॅमेऱ्यापुढे हात आडवा धरताना. निम्मे फोटो हललेले, कलेचा भाग शून्य. पण अकरा वर्षांत एकोणीस हजारांच्या वर फोटो जमले आणि बहुतेकांत कुठे ना कुठे काकू होत्या.

इतके फोटो फोनमध्ये मावेनात, तेव्हा मुलीने ते क्लाउडवर टाकून दिले. मुलगी बसने चार तासांवरच्या दुसऱ्या शहरात राहते आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरचंच काम करते, त्यामुळे या बाबतीत घरात तिचा शब्द शेवटचा. काकांनी मात्र तिला घाम फोडला. क्लाउड म्हणजे नेमकं कुठे, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, कुठेतरी एक प्रचंड इमारत असते बाबा, तिच्यात नुसती यंत्रं असतात, ती तुमचे फोटो सांभाळतात. काकांनी विचारलं, त्या इमारतीतल्या लिफ्टचं काम कोणाकडे आहे? मुलीने कपाळावर हात मारला. पण काकांना खरंच तेवढीच माहिती हवी होती. ज्या इमारतीची लिफ्ट नीट, तिचं बाकीचंही नीट, हा त्यांचा अनुभव. न पाहिलेल्या इमारतीवर सगळा भार टाकायचा हे त्यांच्या तत्त्वात बसेना.

म्हणून त्यांनी एक हार्ड डिस्क आणली. पुस्तकाएवढी काळी पेटी; ती लोकरीच्या मोज्यात घालून कपाटाच्या वरच्या खणात, काकूंच्या शालींमागे ठेवली. आता एक दोर ढगात आणि एक कपाटात झाला. दर रविवारी सकाळी चहा झाला की काका मोजा काढत, पेटी लॅपटॉपला जोडत आणि क्लाउडवरचं पेटीत उतरवून घेत. हे करणाऱ्या प्रोग्रॅमने पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं होतं की फक्त नवीन फोटो घालायचे, की दोन्ही बाजू सारख्या ठेवायच्या? यावर काकांना विचार करायचीही गरज वाटली नाही. लिफ्टच्या दोरांवरचा ताण सारखाच हवा. एक दोर सैल आणि एक ताठ असला की ताठ असलेला झिजतो आणि मग दोन्ही जातात, हे त्यांनी शिकाऊ मुलांना शेकडो वेळा सांगितलं होतं. त्यांनी 'दोन्ही बाजू सारख्या ठेवा' यावर खूण केली आणि समाधानाने दुसरा चहा मागितला.

त्या वेळी दुसरा चहा काकूच करून देत असत.

काकूंची सगळी नोकरी टपालाच्या छाननीत गेली. मोठा हॉल, भिंतभर लाकडी खण आणि समोर पत्रांचा ढीग. पत्ता वाचायचा आणि पत्र त्या त्या खणात टाकायचं. त्यांचा हात इतका चालायचा की बघणाऱ्याचे डोळे दमत. पण काकूंना खरा अभिमान वेगाचा नव्हता. पत्ता चुकलेलं, भलत्याच भागाचं आलेलं, घेणारा न सापडलेलं असं जे टपाल असे, ते 'परतीच्या पिशवीत' टाकायचं असे. ही पिशवी म्हणजे चाकांच्या लोखंडी सांगाड्यावर ताणलेली जाड कापडाची, उंच, वर तोंड उघडं असलेली. कामचुकार माणसं असलं टपाल टेबलाखाली सारून उद्यावर ढकलत. काकूंच्या टेबलाखाली तीस वर्षांत एक कार्ड सापडलं नाही. दुसऱ्याचं टपाल आपल्याकडे पडून राहिलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. कोणीतरी वाट बघतंय आणि ते इथे पडलंय, असं त्या म्हणत.

तीन वर्षांपूर्वी काकू विसरू लागल्या. आधी दूध उतू जाऊ लागलं, मग शेजाऱ्यांची नावं गेली, मग एकदा भाजी आणायला गेल्या त्या जुन्या ऑफिसच्या दारात सापडल्या. डॉक्टरांनी बरीच चित्रं काढायला लावली, घड्याळ काढायला लावलं आणि शेवटी काकांना बाजूला घेऊन सांगितलं की हे थांबवता येत नाही, सावकाश करता आलं तर करायचं. त्यावर एक उपाय म्हणजे जुने फोटो दाखवत राहा. फोटो तर ढिगाने होते. मुलीने एक टॅब आणला, त्यात काकांच्याच खात्याने सगळे फोटो उघडून दिले आणि बोटाने कसं सरकवायचं ते आईला शिकवलं. काकूंना ते पाच मिनिटांत जमलं. मुलगी बाथरूममध्ये जाऊन रडली, आणि बाहेर येऊन म्हणाली की आईचा हात अजून किती छान चालतो.

तेव्हापासून रोज दहाच्या सुमाराला काकू खिडकीजवळच्या खुर्चीत टॅब घेऊन बसू लागल्या. पाठ ताठ, चष्मा नाकावर, बोट चालू. मध्येच थांबत, निरखून बघत, पुन्हा सरकवत. एरवी घरभर काहीतरी शोधत फिरणारी बाई दोन-दोन तास एका जागी बसते, याचंच काकांना अप्रूप. तेवढ्यात त्यांचा स्वयंपाक उरके, कपडे वाळत पडत. आतून ते हाक मारून विचारत, काय बघतेस? काकू म्हणत, चाललंय. काका धन्य होत. काकू फोटो बघताहेत असं त्यांना दीड वर्षं वाटत राहिलं. काकू कामावर होत्या, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

ते समजलं एका साध्याशा निमित्ताने. अशा विसरणाऱ्या माणसांसाठी दिवसभराचं एक केंद्र असतं, तिथे काकूंचं नाव घातलं होतं. तिथल्या ताईंनी एक फोटो मागितला. प्रत्येकाच्या खुर्चीमागे त्याचा कामाच्या दिवसांतला फोटो लावायची तिथे पद्धत आहे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की हे नुसते पेशंट नाहीत. काकांना लगेच आठवला तो निरोपाच्या दिवसाचा. काकू आपल्या खणांपुढे उभ्या, हातात शेवटचा गठ्ठा, आणि चेहऱ्यावर हसू दाबल्याचा भाव. काकांनी स्वतःच काढलेला आणि, नवलच म्हणायचं, न हललेला.

तो सापडेना. निरोपाच्या दिवसाचे चाळीसेक फोटो होते, त्यातले तीन उरले होते. एकात हार होता, एकात रिकाम्या खुर्च्या, एकात भिंतीवरचं घड्याळ. काका आणखी मागे गेले, पुढे आले. सहलीत समुद्र होता, काकू नव्हत्या. मुलीच्या लग्नात मांडव होता, नवरा-नवरी नव्हते. सगळी अकरा वर्षं झाडांची, भांड्यांची, इमारतींची आणि झिजलेल्या ब्रेकची झाली होती. खाली आकडा होता सहा हजार दोनशे चार. काकांनी चष्मा बदलून पाहिला. दुसऱ्या चष्म्यातूनही तेवढाच दिसला.

पण काका अजून घाबरले नव्हते, कारण कपाटात मोजा होता. क्लाउडवाल्यांनी घोळ घातला तो घातला, आपण उगीच नाही दुसरा दोर टाकून ठेवला, असं म्हणत त्यांनी जवळजवळ ऐटीतच शाली बाजूला केल्या आणि पेटी जोडली. पेटीत फोटो होते सहा हजार दोनशे चार. मग मात्र ते खाली बसले. दर रविवारी प्रोग्रॅम काम संपवून हिरव्या खुणेसह लिहायचा, 'दोन्ही बाजू सारख्या आहेत', आणि तेवढं वाचून काका लॅपटॉप मिटायचे. क्लाउडवरून जे जे जाई ते ते तो पेटीतूनही काढून टाकत होता. ते काम त्यांनीच त्याला सांगितलं होतं. ढगातला दोर कोण तोडत होतं ते अजून कळायचं होतं, पण कपाटातला त्यांनी स्वतःच्या हाताने कापला होता, दीड वर्षं, रविवारमागून रविवार.

बाहेरच्या खोलीत काकू खिडकीशी बसल्या होत्या. काका त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. पडद्यावर एक फोटो होता: गेल्या वर्षीचा, काकू बागेतल्या बाकावर, मांडीवर नातू. काकूंनी तो बराच वेळ पाहिला. मान हलवली. मग खालच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवलं, पडद्याने विचारलेल्या प्रश्नाला होकार दिला आणि पुढचा फोटो घेतला. तोही गेला. हात जुनाच, तसाच भराभर चालणारा.

"अगं, काय करतेस तू हे?"

"लोकांचे फोटो आलेत आपल्याकडे," काकू म्हणाल्या. "किती आलेत बघा ना. पत्ते चुकलेत सगळे."

"मग?"

"मग काय, परतीच्या पिशवीत टाकतेय. ज्यांचे त्यांना जातील." त्यांनी डब्याच्या त्या चित्राकडे बोट दाखवलं. उंच, वर तोंड उघडं. "एक बाई तर सारख्याच येतात. पांढऱ्या केसांच्या. त्यांच्या घरचे किती शोधत असतील."

काकांनी पुढचा फोटो काकूंच्या बोटाखालून ओढूनच घेतला आणि म्हणाले की ही तू आहेस. काकूंनी फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि समोरच्याचा अपमान होऊ नये म्हणून हसतात तसं हसल्या. "नाही हो," त्या म्हणाल्या. "या वयस्कर आहेत."

लग्न झाल्यापासून काकू काकांना 'अहो'च म्हणत आल्या आहेत, आणि अनोळखी पुरुषालाही माणूस 'अहो'च म्हणतो. त्यामुळे आपण यांतले कोण, हे काकांना बरेच महिने नक्की कळत नव्हतं आणि त्यांनी ते कळून घ्यायचं टाळलंही होतं. त्या दिवशी त्यांनी उरलेले फोटो पाहिले तेव्हा हिशेब आपोआप लागला. काकूंनी ठेवलेल्या माणसांत जुन्या अल्बममधून उतरवलेली माणसं होती: काकूंचे आईवडील, दोन वेण्यांतली मुलगी, काळ्या केसांच्या काकू आणि लिफ्टच्या कंपनीचा निळा डगला घातलेला एक सडपातळ तरुण. टक्कल पडलेले काका एकाही फोटोत नव्हते. जावई नव्हता. नातू तर जन्मापासूनच पत्ता चुकलेला.

मुलगी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आली. आल्या आल्या तिने क्लाउडचा डबा उघडला. त्यात टाकलेला फोटो साठ दिवस राहतो, मग कायमचा जातो. साठ दिवसांतले आठशे अकरा निघाले. बाकीचे, बारा हजारांवर, गेले. तिने कंपनीला लिहिलं. कंपनीने नम्रपणे कळवलं की फोटो आपल्याच खात्यातून, आपल्याच संमतीने काढण्यात आले आहेत आणि आम्ही ते परत देऊ शकत नाही. यात खोटं एक अक्षर नव्हतं, त्यामुळे भांडायचीही सोय उरली नाही. काळी पेटी घेऊन काका हार्ड डिस्कमधलं गेलेलं शोधून देणाऱ्या एका दुकानात गेले. त्या माणसाने आठवडाभर पेटी ठेवून घेतली आणि एकतीस फोटो काढून दिले. प्रत्येकाचा वरचा भाग शाबूत, खालचा राखाडी. काकूंचं कपाळ आणि भुवया, खाली राखाडी. छताचा पंखा, काकूंचा वर गेलेला हात, खाली राखाडी. पुसून गेलेल्या जागेवर नवीन फोटो बसतात, दुकानदाराने समजावलं, दर आठवड्याला थोडी थोडी जागा भरत गेली. दर रविवारी, काका म्हणाले. दुकानदार म्हणाला, तुम्ही इतके नियमित नसता तर बरंच मिळालं असतं.

नियमितपणाबद्दल बोलणी खायची ही काकांची आयुष्यातली पहिली वेळ होती. ते ऐकून घरी आले.

घरी मुलीने टॅबला कुलूप लावलं होतं, म्हणजे फोटो दिसतील पण डबा चालणार नाही. काकूंनी डब्यावर बोट ठेवलं. फोटो जाईना. पुन्हा ठेवलं. दाबून ठेवलं. मग टॅब उलटा करून मागे काही अडकलंय का ते पाहिलं. दुपारी त्या जेवल्या नाहीत. पिशवी भरलीय, कोणी उचलून नेत नाही, असं म्हणत राहिल्या. संध्याकाळी साडी नीट करून, टॅब पदराखाली घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. ऑफिसात जाऊन देऊन येते म्हणाल्या, लोकांचं अडलंय. दाराला कडी होती. काकू ओरडल्या नाहीत, दार वाजवलं नाही. नुसत्या कडीकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत राहिलं. तीस वर्षांत जिच्या टेबलाखाली एक कार्ड राहिलं नाही, त्या बाईला आपण कामचुकार करून ठेवलंय, हे काकांना सहन होईना. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीसमोर हात टेकले. म्हणाले, काढ ते कुलूप.

"बाबा, जे उरलंय तेही जाईल."

"जाऊ दे. तिला काम करू दे."

मुलीने मधला मार्ग काढला. वाचलेले फोटो वेगळ्या खात्यात आणि वेगळ्या पेटीत ठेवले, आणि टॅबमध्ये नुसत्या नकला घातल्या. आता काकूंनी काहीही टाकलं तरी टॅबमधलंच जाणार होतं. दर आठवड्याला मुलगी तिकडूनच त्या नकला पुन्हा भरते. काकू पुन्हा सगळ्यांना घरी पाठवतात. तेच नातवाचे फोटो त्यांनी आतापर्यंत सात-आठ वेळा परत पाठवले असतील. हे सगळं इतकं सोपं होतं की आधीच सुचायला हवं होतं, असं काकांना वाटलं आणि वाटून काही उपयोग झाला नाही.

मग काका मागायला निघाले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याकडे पक्कड मागितली नाही, कारण घरात दोन असत, तो नातेवाइकांना फोन करून म्हणू लागला की तुमच्याकडे हिचा एखादा फोटो असेल तर बघा. लोक चांगले होते, सगळ्यांनी शोधलं. पण दुसऱ्यांच्या फोटोंत काकू कशा असणार? चुलतभावाच्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत कडेला अर्धा खांदा, साडीवरून ओळखायचा. मेहुणीकडच्या फोटोत पंगतीत वाढताना पाठमोऱ्या. भाच्याच्या फोटोत पंधरा जणांच्या मागे कपाळ. काकांनी प्रत्येक फोटो मोठा करून पाहिला. मोठा केला की काकूंचे चौकोनी ठिपके होत. त्यांना त्या ठिपक्यांचा राग येई, मग लोकांचा, आणि शेवटी नेहमीच्या माणसाचा, जो आरशात दिसे.

केंद्रातल्या ताई दर वेळी फोटोची आठवण करत. काकूंच्या खुर्चीमागची जागा रिकामीच होती.

शेवटी एक फोटो मिळाला तो काकूंबरोबर छाननीला असलेल्या एका बाईंकडे. रजिस्टर टपाल बघायच्या, म्हणून सगळे त्यांना रजिस्टरबाई म्हणत. त्यांच्याकडे क्लाउड नव्हता, पेटी नव्हती, फोनही बटणांचा. कपाटात एक जाडजूड अल्बम होता आणि त्यात निरोपाच्या दिवसाचा एक कागदी फोटो, गोंदाने पक्का डकवलेला. खणांपुढे काकू, आणि शेजारी काका. काका नवे कपडे घालून अवघडून उभे, काकू कोणाच्या तरी बोलण्यावर तोंड उघडून हसताहेत. केस दोघांचेही पांढरे, काकांचे उरलेत तेवढे. रजिस्टरबाई फोटो काढून द्यायला तयार होत्या, पण तो सोडवताना फाटला असता. काकांनी अल्बम खिडकीत नेला आणि फोनने फोटोचा फोटो काढला. मग आणखी एक काढला. हललेले निघाले तर, म्हणून आणखी चार काढले.

तो फोटो केंद्रात मोठा करून लागला, नव्या पेटीत गेला, मुलीकडे गेला, मेहुणीकडे आणि भाच्याकडेही गेला. त्याला आता काही होणार नव्हतं. पण काकांच्या मनात वेगळंच होतं, आणि ते त्यांनी मुलीलाही सांगितलं नाही. हा फोटो काकूंच्या हॉलमधला होता. त्यातले खण, घड्याळ, दिवे हे सगळं काकूंच्या डोक्यात अजून जागच्या जागी होतं. त्या खणांपुढे उभ्या असलेल्या बाई आपणच आहोत आणि शेजारचा माणूस आपला आहे, हे काकू एकदा तरी ओळखतील, फार नाही, एका सकाळपुरतं, अशी आशा त्यांना वाटत होती. आजवर त्यांनी आशेवर लिफ्ट चालवली नव्हती. हे मात्र ते आशेवरच करत होते.

सकाळी दहा वाजता त्यांनी तो फोटो टॅबमध्ये घातला आणि काकूंच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. चारपाच झाडं आणि एक समुद्र झाल्यावर तो आला. काकूंचं बोट थांबलं.

"हा आमचा हॉल," त्या म्हणाल्या.

काकांनी स्टूल जवळ ओढलं. काकूंनी बोटाने खण मोजले. वरची ओळ गावातली, मधली बाहेरगावची, खालची जाड पाकिटांची. घड्याळ पाच मिनिटं पुढे असायचं, त्या म्हणाल्या, साहेबांनी मुद्दाम ठेवलेलं. उजवीकडचा दिवा सारखा लुकलुकायचा. इतकं सलग त्या कित्येक महिन्यांत बोलल्या नव्हत्या. मग बोट खाली आलं, हसणाऱ्या बाईवर.

"या कोण, माझ्या खणापाशी?"

काकूंनी पुढच्या चेहऱ्यावर बोट नेलं. "आणि हे?"

"त्यांचे यजमान," काका म्हणाले.

काकूंनी त्या अवघडलेल्या माणसाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी आली.

"मग हा त्यांच्याकडे जायला हवा. वाट बघत असतील ते." त्यांचं बोट डब्यापाशी गेलं आणि थांबलं. "तुम्हाला पत्ता माहितीय का त्यांचा?"

"माहितीय."

"मग तुम्हीच टाका. माझ्याकडून चुकायला नको."

काकांनी टॅब हातात घेतला. डब्यावर बोट ठेवलं. पडद्याने विचारलं की नक्की काढायचा का, त्याला होकार दिला. खणांपुढचे दोघे गेले.

"पोचेल ना?" काकूंनी विचारलं. "पोचल्याचं कळवतात का हल्ली?"

"पोचला," काका म्हणाले. "मिळाला त्यांना."

"बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि पुढचा फोटो बघायला टॅब परत मागून घेतला.